तबला येतो, तरी स्विचवर ठोका मागेच पडून राहिला

महालचा_तबलजी:
मंडळी, आधी हसून घ्या, मग उत्तर द्या. वय ४४, राहणं नागपूरच्या महाल भागात. तबला नववीत असताना सुरू केला, आजही दर सोमवारी गल्लीतल्या भजनी मंडळात साथीला मीच बसतो. केहरवा, दादरा, धुमाळी तर झोपेतून उठवलं तरी वाजवीन. आणि सध्या ११ वर्षांचं एक पोट्टं मला रोज दुपारी हरवून राहिलं आहे.

पोट्टं म्हणजे माझा भाचा. सुट्टीत पुण्याहून आला तो निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, घेऊनच. त्यात 'तायको नो तात्सुजिन: रिदम फेस्टिव्हल' आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जपानी ढोलाचा गेम आहे. पट्टीवरून गोल सरकत येतात. लाल आला की ढोलाच्या मधोमध, तो 'डोन'. निळा आला की काठावर, तो 'का'. मोठा गोल आला की दोन्ही हातांनी. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, हे तर आपल्या घरचंच. आपल्याकडे चाट, म्हणजे तबल्याची कड, त्यांच्याकडे काठ.

कसलं घरचं बाप्पा. ठोका वेळेवर पडला की गेम 'गुड' म्हणतो, थोडा हलला की 'ओके', चुकला की 'बॅड'. सोप्या पातळीवरही निम्मे ठोके 'ओके', मधून मधून 'बॅड', आणि 'गुड' बोटावर मोजण्याएवढे. भाचा त्याच गाण्यावर गुडची रांग लावतो. बरं, तो काही शिकलेला नाही हं. आरतीत टाळ्या वाजवताना पोट्टं चुकतं, मी स्वतः पाहिलं आहे. परवा म्हणतो कसा, "मामा, तुम्ही तर तबला वाजवता ना? मग लेट का मारून राहिले?" स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं.

मुद्दाम लवकर बटण दाबून पाहिलं, तर काही बसतात, काही साफ हुकतात. स्विच हातातच धरून खेळतो, टीव्हीला लावलेली नाही. बाहेर ४५ डिग्री, त्यामुळे हॉलमधला कूलर फुल. त्याच्या घरघरीत स्विचचा स्पीकर ऐकू येत नाही, म्हणून मी कानात ब्लूटूथचे इअरबड घालतो. दोष बोटांत आहे की वयात? शाळा सुरू व्हायला बारा दिवस उरले आहेत. त्याआधी एकदा तरी जिंकायचं आहे.

मिहानची_रात्रपाळी:
काका, वयात नाही, कानात आहे. ते इअरबड काढा.

ब्लूटूथवर आवाज सरळ जात नाही. आधी तो दाबून छोटा करतात, तुकड्यांनी पाठवतात, इअरबड ते तुकडे जमा करून पुन्हा उलगडतो. साध्या इअरबडात यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा पाहताना कळत नाही, कारण तिथे प्लेअर चित्रच तेवढं मागे ओढून ओठ आणि आवाज जुळवतो. गेमला ते करता येत नाही, तुम्ही बटण कधी दाबणार हे त्याला आधी कुठे माहीत?

आता हिशेब पाहा. गाण्याची लय मिनिटाला १६० असेल तर एक ठोका ३७५ मिलिसेकंदांचा. चौगुण केली, म्हणजे एका ठोक्यात चार बोल बसवले, की एकेक बोल साधारण ९४ चा. म्हणजे तुमच्या कानात जो बोल आत्ता पडून राहिला, तो गेमच्या लेखी दीड-दोन बोलांआधीच होऊन गेला आहे. तरी तुम्हाला ओके मिळून राहिले, म्हणजे तुमचे डोळे मधल्या मधे तडजोड करून राहिले असतील.

स्विचवर ब्लूटूथचा आवाज मुळात नव्हताच. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने आला. आला त्या रात्री आम्ही खुश, आणि पहिल्याच गाण्याला पुन्हा वायर शोधायला पळालो.

एक सांगा, भाचा कशावर ऐकतो?

महालचा_तबलजी:
तो कानात काही घालत नाही. कूलरच्या तोंडाशी बसून खेळतो, आवाजही बारीकच असतो.

आणि इअरबडचं म्हणाल तर बर्डीवरच्या दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं, "भाऊ, झिरो लॅग." मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, लॅगच नाही. मीही भैताडासारखी मान डोलावली.

मिहानची_रात्रपाळी:
मग भाचा ऐकतच नाही, पाहून मारतो. तुम्ही ऐकून मारता. गोम तिथेच आहे. आज एक गाणं आवाज पूर्ण बंद करून खेळा आणि गुड किती आले ते इथे टाका.

इतवारीचा_जुना_पीएसपी:
विषयाला थोडं सोडून, पण राहवत नाही. काका, तुमच्यासारख्यांसाठीच 'पाटापॉन' बनला होता. २००७ च्या शेवटी जपानात आला, पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या जुन्या गेम मशीनवर. चार बटणं, चार ढोल: चौकोन पाटा, गोल पॉन, फुली डोन, त्रिकोण चाका. 'पाटा पाटा पाटा पॉन' वाजवलं की डोळेवाली चिमुकली फौज पुढे चालते, 'पॉन पॉन पाटा पॉन'ला भाले फेकते, 'चाका चाका पाटा पॉन'ला ढाली वर करते.

खरी मजा पुढे आहे. चार मात्रा आपण वाजवायच्या, पुढच्या चार मात्रा फौज तेच गाऊन परत देते. त्या चार मात्रांत आपण हात वर धरून थांबायचं. तिथे उतावीळपणे एक जरी बटण दाबलं तरी जमलेला डाव मोडतो, 'फिव्हर' (सलग बरोबर वाजवल्यावर फौजेला चढणारा जोश) गेला. माझा धाकटा भाऊ गेमिंगमध्ये माझ्यापेक्षा शंभर पट तेज, पण पाटापॉनला त्याचं नाक खाली, कारण त्याला रिकामं बसता येत नाही. तालातल्या 'खाली'च्या मात्रेला बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) रिकामा ठेवायला जो शिकला आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

पहिले दोन भाग एकत्र करून २०२५ मध्ये स्विचवरही आले आहेत. भाच्याच्या मशीनवर चालतील. माझ्या पीएसपीची बॅटरी फुगली, मागचं झाकण लागत नाही, म्हणून मी तर चार्जर लावूनच खेळतो.

साधा_माणूस_सदर:
तबला येतो तर तबलाच वाजवा ना बे. बटणं कायले कुटता?

इतवारीचा_जुना_पीएसपी:
कारण बाहेर ४५ आहे, भाऊ.

ढोलवाली_धरमपेठ:
रात्रपाळीवाल्या दादाचं निदान बरोबर वाटतं, पण 'पाहून मारा' हा अर्धाच उपाय आहे. थोडं लांबण लावते.

मी ढोल-ताशा पथकात सहा वर्षं ढोल वाजवला. मिरवणुकीत ताशे पुढे आणि माझी रांग शेवटची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मी ताशापासून तीस मीटर मागे असले तर तो माझ्यापर्यंत येईतो ९० मिलिसेकंद गेलेले. मी ऐकून वाजवणार, माझा आवाज पुढे जायला पुन्हा तेवढाच वेळ. पुढे उभ्या माणसाला वाटतं मागचे झोपले आहेत. म्हणून नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट दटावून सांगायचे: कानाने वाजवू नका, पुढच्याचं टिपरू (ढोल वाजवायची काठी) पाहा. टिपरू वर जाऊन थबकतं आणि मग उतरतं. ते थबकणं पकडलं की आपला हात आपोआप त्याच्यासोबत उतरतो.

तुमचा भाचा तेच करतो आहे, त्याला कोणी न शिकवता. पण हे सोप्या पातळीपर्यंतच चालतं. सगळ्यात वरची पातळी 'ओनी', जपानीत राक्षस. तिथे लाल-निळे गोल इतके दाटीने येतात की डोळा एकेक मोजूच शकत नाही. तिथे तोंडात बोल लागतो. मी गोलांना अक्षरं देऊन घोकते: डो-को-डोन, का-डो-को. एकदा बोल तोंडात बसला की पट्टीकडे नुसतं लक्ष असलं तरी पुरतं. भाचा तिथे अडकेल आणि तुम्ही निघाल. पण आधी वायरवाले इअरफोन. स्विचला वरच्या बाजूला साधं गोल जॅक आहे, शंभर-दीडशेचा कोणताही चालेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सलग डोन आले तर एकाच अंगठ्याने मारता का? आणि भजनात बुवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तुम्ही त्यांच्याकडे पाहून हात टाकता का?

महालचा_तबलजी:
ताई, तुम्ही आमच्या मंडळात येऊन बसल्या होत्या का? दोन्हीचं उत्तर हो.

आमचे बुवा ७२ वर्षांचे. अभंगाच्या ओळीअखेर दम लागला की ते एक श्वास जास्त घेतात, मीही तिथे ठेका किंचित ओढून धरतो आणि ते शब्द टाकतात तेव्हा धा टाकतो. वीस वर्षांत हा हिशेब कधी बोलून झाला नाही. लोक म्हणतात साथ गोड आहे. आता तुम्ही विचारलं तेव्हा ध्यानात आलं, मी गोलांसाठीही थांबून राहिलो! गोल आला, खात्री झाली, मग हात.

ढोलवाली_धरमपेठ:
तेच. गोलाला दम लागत नाही, काका. लेहऱ्याचं मशीन (एकाच लयीत तीच धून वाजवत राहणारं) लावून रियाज करता ना, तसं समजा. आणि अंगठ्यांचं: डावा-उजवा, डावा-उजवा, आलटून पालटून. दोन लाल असोत की नऊ. तिरकिट एका बोटाने काढायला गेलात तर चौगुणीत हात अडकतो, इथेही तेच होतं. सुरुवातीला डावा अंगठा मंद वाटेल, तुमचा बायाँचा हात आहे, लवकर सुटेल. 'का' साठी खांद्यावरची एल आणि आर बटणं वापरून पाहा, म्हणजे अंगठे डोनला मोकळे राहतात.

मिहानची_रात्रपाळी:
ताईंशी सहमत. एक भर घालतो: वायर लावल्यावरही थोडं मागे-पुढे वाटलं तर सेटिंगमध्ये टायमिंग सरकवायची सोय पाहा, अशा बहुतेक गेममध्ये असते. पण एकदाच लावा आणि हात लावू नका. मी रोज सरकवत बसायचो, शेवटी गाणं कमी आणि सेटिंग जास्त खेळत होतो. भाच्याने कधी टीव्हीला जोडली तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सजवण्यात आणखी वेळ खातो.

आणि आवाज बंद करून खेळलात का?

महालचा_तबलजी:
(चार दिवसांनी)
खेळलो. इअरबड घालून एका गाण्यात १९ गुड आले होते. तेच गाणं आवाज शून्य करून ६४. मेला मी! वीस-पंचवीस वर्षं ज्या कानाच्या जिवावर बसलो तो बंद केल्यावर जास्त मार्क. मग कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून १२० रुपयांचा वायरवाला इअरफोन आणला. पहिल्या डोनलाच फरक कळला. अंगठा आणि आवाज एका जागी पडला. तबल्याची शाई नवीन असते तेव्हा बोट टेकताच जसा स्वर सुटतो, तसं. त्या गाण्यात ८८.

अंगठ्यांचं मात्र दुखणं निघालं. डावा-उजवा करायला लागलो तर पहिले दोन दिवस ८८ वरून ५० वर आलो. सौ. म्हणाल्या, तुमचं तर उलटंच चालून राहिलं. पण शिकताना गुरुजींनी चुकीचा बसलेला 'ना' मोडून पुन्हा बसवला होता तेव्हाही असंच झालं होतं, म्हणून रेटलं. रात्री कूलर बंद करून, अंगणात खाट टाकून, तोंडाने 'डो को डो को डोन' म्हणत. शेजारच्या काकूंनी सकाळी बायकोला विचारलं, भाऊंची तब्येत बरी आहे ना?

पाटापॉनचा नमुना भाच्याने इंटरनेटवर दाखवला. त्या रिकाम्या चार मात्रा मला लय आवडल्या. इतवारीचे भाऊ, कधी पीएसपी विकायचा असेल तर सांगा. फुगलेली बॅटरी मात्र आधी बाहेर काढा, लावून ठेवू नका.

इतवारीचा_जुना_पीएसपी:
विकणार नाही. घरी या, खेळा. येताना तर्री पोहे आणा. बॅटरी काढली.

ढोलवाली_धरमपेठ:
भाच्याचं काय झालं ते सांगा की!

महालचा_तबलजी:
परवा दुपारी 'अवघड' पातळीवर तीन गाणी लावली. पहिल्यात तो जिंकला, दुसऱ्यात मी. तिसऱ्यात मधे एक दाट तुकडा येतो, सोळा गोल एका दमात. तो डोळे मोठे करून पट्टीकडे पाहत राहिला आणि चौथ्या गोलाला सुटला. मी तोंडात बोल धरून निघालो, पाचसहा ओके पडले, पण बॅड एकही नाही. जिंकलो.

पोट्ट्याने दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानातून इअरफोन काढला, स्वतःच्या कानात घातला आणि म्हणाला, "मामा, ते तोंडाने काय म्हणून राहिले होते, ते मला सांगा."

आता दुपारी दोन ते चार तबल्याची शिकवणी चालू आहे. इअरफोन एकच, त्यावरून भांडण. उद्या आणखी एक आणतो.