तेलाच्या पैशातून उभे राहिलेले पर्यटन तेलाला पर्याय कसे?

सडेकर
‘सौदी अरेबियाने तेलाला पर्याय उभा केला, दहा कोटी पर्यटकांचे उद्दिष्ट सात वर्षे आधीच, २०२३ मध्ये गाठले,’ असे सांगणारा अर्थवेध यांचा लेख काल येथे आला आणि त्याखाली कौतुकाची रांग लागली. जेद्दाहमध्ये एकोणीस वर्षे हिशेबनीस म्हणून काढल्यामुळे मला गप्प बसवत नाही. त्या दहा कोटींत परदेशातून आलेल्या भेटी सुमारे २.७ कोटी आहेत. उरलेल्या सगळ्या रियाधहून जेद्दाहला किंवा अभाच्या थंड हवेला गेलेल्या तेथल्याच रहिवाशांच्या. परदेशी पाहुण्यांतही मक्का-मदिनेच्या यात्रेकरूंचा वाटा मोठा आहे आणि ते १९३८ मध्ये तेल सापडण्याच्या कित्येक शतके आधीपासून येत आहेत. त्याच २०२३ मध्ये सरकारी उत्पन्नातील सुमारे ६० टक्के रक्कम तेलाची होती. निओम हे वाळवंटात वसवायचे नवे शहर आणि तांबड्या समुद्राकाठची आलिशान हॉटेले ज्या सार्वजनिक गुंतवणूक निधीतून उभी राहत आहेत, त्या निधीकडे आणि त्याच्या कंपन्यांकडे सरकारी तेल कंपनी अराम्कोचे १६ टक्के समभाग आहेत. विहिरीतले पाणी रहाटाने उपसून शेजारच्या हौदात ओतायचे आणि नवा झरा लागला म्हणून पेढे वाटायचे, असा हा प्रकार आहे.

अर्थवेध
लेख माझाच असल्याने उत्तर देणे भाग आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेल पिंपामागे तीस डॉलरच्या खाली गेले आणि एप्रिलमध्ये तेलावरचे अवलंबित्व कमी करण्याची ‘व्हिजन २०३०’ योजना जाहीर झाली, हा क्रम आपण सोयीस्करपणे विसरलात. पर्यटक व्हिसा सप्टेंबर २०१९ मध्ये खुला झाला, पाठोपाठ महासाथ आली, आणि तरीही आपणच दिलेला २.७ कोटींचा आकडा गाठला गेला. राहता राहिला भांडवलाचा प्रश्न. आंब्याची कलमे लावणारा शेतकरी पहिली काही वर्षे भाताच्याच पैशावर खड्डे खणतो, म्हणून बागेला कोणी भातशेती म्हणत नाही. एप्रिल २०१८ मध्ये चित्रपटगृह उघडले, जूनमध्ये स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा मिळाली, आणि काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सौदी स्त्रियांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आतून पस्तीसच्या वर गेले. हिशेबनीसांच्या वहीत हे कोणत्या रकान्यात बसते, ते कळवावे.

सडेकर
रकाना विचारलात, तर खर्चाच्या बाजूचाही ऐका. जुलै २०१७ पासून आमच्यासारख्या परदेशी नोकरदारांच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल शुल्क लागले आणि ते दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० झाले. पत्नी आणि तीन मुले यांचे चारशेच्या दराने वर्षाला १९,२०० रियाल होतात, तेही इकामा, म्हणजे निवास परवाना, नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. मी २०१८ च्या मे महिन्यात चौघांचे फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा देश सोडण्याचा सोपस्कार, करून त्यांना रत्नागिरीला पाठवले. मोठ्या मुलाचे दहावीचे वर्ष होते आणि तो वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. आमच्या इमारतीतील अकरा बिऱ्हाडांपैकी दिवाळीपर्यंत तीन उरली होती. आपल्या आमराईला शेणखत कोणी पुरवले, हेही लेखात यायला हवे होते.

नदीपलीकडचा
एकोणीस वर्षे एक पैसा आयकर न भरता पगार घरी पाठवणाऱ्यांनी वर्षाच्या शुल्कावर अश्रू ढाळावेत, याची मौज वाटते. येथे आमचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. परक्या देशाने आपल्या शाळा, रस्ते आणि अनुदानित पेट्रोल वापरणाऱ्यांकडून काही मागितले तर तो अन्याय कसा?

सडेकर
शाळा? माझी मुले भारतीय शाळेत शुल्क भरून शिकत होती. रस्त्यांबद्दल म्हणाल, तर जानेवारी २०१८ पासून ५ आणि जुलै २०२० पासून १५ टक्के मूल्यवर्धित कर आम्हीही दुकानात भरतच होतो. कुटुंबाला विमानात बसवून रिकाम्या घरात परतण्याची मौज आपण घेतलेली दिसत नाही, तेव्हा आपले अर्थशास्त्र आपल्यापाशीच ठेवावे.

दम्मामची परिचारिका
दोघांनीही जरा आवाज उतरवावा. माझ्या नवऱ्याचे मोबाइल दुरुस्तीचे काम सप्टेंबर २०१६ मध्ये, त्या दुकानांत केवळ सौदी नागरिकच असावेत असा नियम लागू झाल्यावर, गेले. तेव्हा शुल्काचे दुःख मला शिकवू नये. पण रात्रपाळी संपल्यावर पहाटे चालकाची वाट पाहत मी सहा वर्षे रुग्णालयाच्या दारात उभी राहिले आहे आणि आता स्वतः गाडी चालवत घरी जाते. माझ्या वॉर्डात सौदी मुली आहेत; पूर्वी दोन होत्या, आता मोजत बसत नाही. अर्थवेध यांना एवढेच विचारते, की गेल्या वर्षी आईला मी पर्यटक व्हिसावर बोलावून उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करवला, ती तुमच्या हिशेबात पर्यटक की यात्रेकरू? हॉटेलात ती एक रात्रही राहिली नाही.

अर्थवेध
आपल्या मातोश्री सरकारी गणनेत परदेशी पाहुण्यांमध्येच असणार. त्या आकड्यातून तेलाची जागा घेणारे उत्पन्न किती, हे मी तपासायला हवे होते, हे मान्य करतो. निओममधील सरळ रेषेतल्या ‘द लाइन’ शहराचे १७० किलोमीटर मी लेखात गृहीत धरले, २०३० पर्यंत त्यांपैकी जेमतेम अडीच किलोमीटर उभे राहतील अशा बातम्या २०२४ मध्येच आल्या होत्या, हेही सडेकर सांगण्यापूर्वी मीच सांगून टाकतो. मात्र वायव्य सौदीतील हेग्रा येथील प्राचीन नबातियन लोकांची थडगी २००८ मध्ये जागतिक वारसा ठरूनही दहा वर्षांहून अधिक काळ परदेशी पर्यटकांना दुर्मीळच होती. ती आज पाहता येतात, ही फुशारकी नव्हे.

सडेकर
हे मात्र निमूटपणे मान्य करावे लागते. एकोणीस वर्षांत हेग्रा मी पाहिले नाही, कारण परवाना आणि रजा एकाच आठवड्यात कधी जुळल्या नाहीत. आता मोठा मुलगा म्हणतो, की बाबा, व्हिसा काढू आणि जाऊन येऊ. गेलो, तर अर्थवेध यांच्या पुढच्या लेखातील आकड्यात दोनाची भर पडेल. ती माझ्या नावे मांडू नये.