ध्रुवीय अस्वलाला 'उष्णता' की 'ऊब'?

नांदेडकर: पाचवीच्या पोरांसाठी ध्रुवीय अस्वलावर दोन पानं लिहायलोय. "दाट केसांमुळं अस्वलाला उष्णता मिळते" असं लिहिलं तर बायको म्हणायली केस कुठं उष्णता देतेत, ऊब लिहा. फरक हाय का काही?

परभणीचा पाहुणा: वैनीचं बरोबर हाय सर. उष्णता अस्वलाच्या अंगातली, आपल्यासारखीच ३७ अंशाच्या आसपास, अन् ती बाहेर जाऊ न देता अडवून ठेवली की ऊब. आमच्याकडं डिसेंबरात घोंगडी घेतली की आधी गारच लागती, मग ऊब धरती, घोंगडी काय शेगडी नाही. अस्वलाच्या लांब केसांच्या खाली बारीक दाट केसांचा थर असतो, त्यात हवा अडकून बसती अन् ती उष्णता जाऊ देत नाही. इतकी की थर्मल कॅमेऱ्यात, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, अस्वल जवळजवळ दिसतच नाही, तोंड तेवढं दिसतं, कारण वरचे केस बर्फाइतकेच गार. मग केसानं उष्णता दिली म्हणायचं कसं?

लातूरची ताई: त्या आतल्या थराला 'लव' नका लिहू, लव म्हणजे हातावरची. 'आतली लोकर' लिहा, पोरांना कळतं. धनगरांचा 'जावळ' शब्द लई गोड आहे पण तो कोकराच्या पहिल्या लोकरीचा, इथं बसत नाही. आणि केस 'पांढरे' लिहिताना जरा जपून, त्यात रंगच नसतो, पोकळ असतात, उजेड विखुरतो म्हणून पांढरे दिसतात, खालची कातडी तर काळी. ते केस ऊन नळीसारखं कातडीपर्यंत नेतात हे जिकडंतिकडं छापतात ते मात्र टाकू नका, डॅनियल कून नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये मोजून दाखवलंय की उजेड केसातच विरतो.

नांदेडकर: बरं. अन् 'चरबी' लिहिलं की पोरं हसतेत, एकमेकाला चरबी चढली म्हणतेत. 'मेद' करू का?

लातूरची ताई: हसू द्या की! मेद म्हणलं तर हसणार नाहीत पण कळणारही नाही. चरबी १० सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकते आणि पाण्यात तिचंच काम, केस भिजले की हवा निघून जाते, ऊब जाते.

परभणीचा पाहुणा: अजून एक, पळालं की अस्वल लवकर तापतं, म्हणून बहुतेक वेळ सावकाशच चालतं. तिथं 'उष्णता वाढते' नका लिहू, सरळ 'अस्वलाला उकडतं' लिहा.