ज्वालामुखीच्या मातीत भाज्या खरंच जास्त पौष्टिक होतात का?

गच्चीवरची_मेथी (कोथरूड)

नमस्कार मंडळी, गच्चीवर कुंड्यांमध्ये मेथी, पालक, टोमॅटो, एक लिंबाचं झाड असं सगळं लावलंय. परवा एका नर्सरीत 'व्होल्कॅनिक रॉक डस्ट' म्हणून पाकीट बघितलं, किंमत चांगलीच होती, आणि त्यावर लिहिलेलं की ही पावडर घातली की भाज्यांमधलं लोह आणि मिनरल्स दुप्पट होतात. विकणारा म्हणाला की इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी, जावा बेटावर वगैरे याच मातीमुळे पिकं इतकी भारी येतात. घरात मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलंय म्हणून मी हे जरा सिरियसली विचारतेय. घ्यावं का? आणि ज्वालामुखीच्या मातीचा भाजीच्या पौष्टिकपणाशी खरंच संबंध असतो का?

मातीवाले_काका

ताई, पाकीट घ्यायच्या आधी एक लक्षात घ्या, तुम्ही स्वतःच ज्वालामुखीच्या दगडावर राहताय. वेताळ टेकडीवरची जुनी खाण बघा किंवा सिंहगडाच्या घाटात गाडी थांबवून कडा बघा, एकावर एक थर दिसतात ते सगळे लाव्ह्याचे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला, त्यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात, आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर तो आहे. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट आणि तो झिजूनच आपली काळी माती झाली.

आता विकणाऱ्याच्या बोलण्यात खरं काय ते सांगतो. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असतं आणि त्यातली खनिजं ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतात. जावामध्ये किंवा इटलीतल्याच एटना ज्वालामुखीच्या उतारावर राख अधूनमधून नव्याने पडत राहते, ती बारीक असते, सच्छिद्र असते, पाणी धरते, म्हणून तिथे शेती जोरात. पण त्या राखेच्या मातीचाही एक त्रास आहे, ती स्फुरद (फॉस्फरस) घट्ट पकडून ठेवते आणि पिकाला सोडत नाही, जपानमधले शेतकरी वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडतायत. आणि नत्र (नायट्रोजन) तर दगडात जवळजवळ नसतंच, ते शेणखतातून, पालापाचोळ्यातून, द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतूनच यायला हवं.

मुख्य मुद्दा असा की मातीत एखादं द्रव्य असणं आणि ते मुळाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिजोरी भरलेली आहे पण किल्ली सापडत नाही तसं. आपल्याच जिल्ह्यात बघा, मुळशी-ताम्हिणीला धो धो पाऊस, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून गेलं, माती तांबूस आणि आम्लधर्मी झाली, तिथे भात. आणि इकडे दौंड-इंदापूरला पाऊस जेमतेम, चुना मातीतच साठून राहिला, सामू (पीएच) 8च्या वर जातो. खाली दगड एकच, बेसाल्ट. पण माती पूर्ण वेगळी.

इंदापूरचा_शेतकरी

काकांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे काळी कसदार जमीन, लोक बाहेरून बघून म्हणतात सोनं आहे, पण चुनखडी इतकी की उसावर केवडा पडतो. नवीन पानं पिवळी पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि तेच जुनी पानं बघा तर बऱ्यापैकी हिरवी. म्हणजे लोहाची कमतरता. ज्या मातीत ढीगभर लोह आहे तिच्यात!! सोयाबीन आणि भुईमुगालाही हाच त्रास होतो. आम्ही एकरी 10 किलो हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलं करून काही दिवस मुरू देतो आणि मग सरीत टाकतो. नुसतं कोरडं हिराकस फेकलं तर आमच्या मातीत चुना त्याला लगेच बांधून टाकतो, पैसे वाया. शेणखतात मुरवलेलं मात्र पिकाला मिळतं.

झिंकचंही तसंच आहे. माती परीक्षणात झिंक 0.6 पीपीएमच्या खाली आणि लोह 4.5च्या खाली आलं की कमी समजतात. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासून मिळतात, त्यात हे दोन्ही असतं, सामू आणि सेंद्रिय कर्ब पण असतो, लोक फक्त एनपीकेचा (नत्र, स्फुरद, पालाश) रकाना वाचतात आणि कागद ठेवून देतात याचं वाईट वाटतं.

ताटातलं_पोषण

मी आहारशास्त्र शिकवते म्हणून ताटाच्या बाजूने लिहिते.

मातीचा अन्नाच्या पौष्टिकपणावर परिणाम होतो का, तर हो, पण सगळ्या घटकांचा सारखा नाही. सेलेनियम, आयोडीन, झिंक यांच्या बाबतीत संबंध चांगला दिसतो. फिनलंडमध्ये जमिनीत पिकाला मिळणारं सेलेनियम फार कमी होतं, त्यांनी 1980च्या दशकात सरकारी निर्णयाने खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली आणि धान्यातलं, दुधातलं, लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं. गव्हावर झिंकची फवारणी केली तर दाण्यातलं झिंक वाढतं हेही पक्कं माहीत आहे.

लोहाचं मात्र तसं नाही. झाड त्याला लागेल तेवढंच लोह मोजूनमापून घेतं, मातीत दुप्पट टाकलं म्हणून पानात दुप्पट होत नाही. तिथे वाणाचा फरक मोठा पडतो. 'धनशक्ती' नावाचा बाजरीचा वाण इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून आणला तो यासाठीच, त्यात मुळातच लोह जास्त आहे. आणि व्हिटॅमिन सी तर मातीतून येतच नाही, ते झाड स्वतः बनवतं, ऊन किती मिळालं, वाण कुठला, तोडल्यावर किती वेळ गेला यावर ते ठरतं. तुमच्या गच्चीवरची मेथी तोडून लगेच कढईत जाते, हा फायदा कुठल्याही पावडरीपेक्षा मोठा आहे.

आणि ताई, मुलीच्या हिमोग्लोबिनसाठी कुंडीवर विसंबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. पालकात लोह दिसतं भरपूर पण अंगी फार थोडं लागतं. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, वर लिंबू पिळून, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको. इतकं केलं तरी फरक पडतो.

गच्चीवरची_मेथी

सगळ्यांचे खूप आभार, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीच आहे. इंदापूरच्या दादांनी लिहिलेलं वाचून लिंबाकडे बघितलं तर अगदी तसंच, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. माती नर्सरीची लाल, त्यात कोकोपीट आणि गांडूळखत. पाणी सोसायटीच्या बोअरचं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. मग याला तरी ती पावडर चालेल का?

मातीवाले_काका

नको, याला तर अजिबातच नको. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतं, रोज थोडं थोडं करत कुंडीचा सामू वर चढतो आणि लोह अडकतं. बेसाल्टची पावडर हळूहळू विरघळताना सामू आणखी वरच नेते, म्हणजे उलट दिशेला. मुळशीच्या आम्लधर्मी भातखाचरात तिचा काहीतरी उपयोग होईल, तुमच्या कुंडीत नाही.

पावसाचं पाणी साठवता आलं तर लिंबाला तेच द्या, नाहीतर निदान मनपाचं नळाचं पाणी द्या, धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरंच मऊ असतं. लगेच हिरवं हवं असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) आणा, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए वालं चढ्या सामूत टिकत नाही. ते मातीत द्या, पानावर नको, आणि मात्रा पाकिटावर असेल तेवढीच. पिवळी झालेली पानं बहुतेक तशीच राहतील, नवीन फूट हिरवी येतेय का ते बघायचं.

इंदापूरचा_शेतकरी

आणि ताई, पावडरीच्या पैशात माती तपासून होईल. वरचा थर बाजूला करून मुळांजवळची माती घ्या, दोन-चार कुंड्यांची एकत्र मिसळा, सावलीत वाळवा, लोखंडी खुरपं वापरू नका नाहीतर लोहाचा आकडा चुकतो. लिंबाची माती मात्र वेगळ्या पिशवीत द्या. रिपोर्ट आला की इथेच टाका, बघून सांगतो.