लेआ सेदू : आजोबांची पुण्याई की स्वतःची मेहनत?

पार्ल्याची_मिनू
काल ड्यून पार्ट टू परत बघत होते, त्यात ती मार्गो फेनरिंग कोण म्हणून सर्च केलं तर अरे ही तर बॉन्डची मॅडलिन, फ्रेंच नटी लेआ सेदू! मग वाचत बसले तर आजोबा जेरोम सेदू म्हणजे पाथे कंपनीचे सर्वेसर्वा, त्यांचा भाऊ निकोला गोमाँवाला. म्हणजे फ्रान्समधल्या सगळ्यात जुन्या दोन्ही फिल्म कंपन्या एकाच घरात 😳 मग हिचं करिअर नेपो किडचंच म्हणायचं ना? आणि हिचं अजून काय बघू?

गिरगाव_मॅटिनी
नेपो म्हण, पण आपल्याकडच्यासारखं नाही. शोभना समर्थांनी नूतनसाठी स्वतः 'हमारी बेटी' काढला (१९५०), तनुजासाठी 'छबिली' (१९६०), घरचाच लाँच, लपवाछपवी नाही. हिच्यासाठी असं काही झालं नाही. २००६ च्या एका टीनएज कॉमेडीतून सुरुवात, मग हॉलिवूडमध्ये किरकोळ रोल. टॅरंटिनोच्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मध्ये तर पापणी लवली की गेली. 'मिशन इम्पॉसिबल'च्या चौथ्या भागात किलर झालीय पण दुबईतच बुर्ज खलिफावरून खाली जाते बिचारी, आपली मुंबई आणि अनिल कपूर येईपर्यंत टिकतच नाही 😂

चाळीतला_समीक्षक
मॅटिनी भाऊ, एवढंही धुतल्या तांदळासारखं नाहीये हां. २०१४ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' (व्हिन्सेंट कॅसेलवाला, एमा वॉटसनचा नाही) पाथेचाच. आता हेही खरं की तो रिलीज होईपर्यंत हिने फ्रान्समधला कान फिल्म फेस्टिव्हल गाजवला होता, तेव्हा आजोबांनी नातीला काम दिलं म्हणायचं की पाथेला चालती हिरॉइन मिळाली म्हणायचं ते तूच ठरव. आणि आडनावाचा फायदा म्हणजे फक्त रोल मिळणं थोडीच, पडलो तरी घर बुडणार नाही ही खात्री असते ना तो खरा फायदा. आपल्याकडे अंधेरीत चौघीचौघी एका रूममध्ये राहून ऑडिशनला जातात त्यांना विचारा. बाकी वडील ड्रोनवाले आहेत, पॅरट कंपनी त्यांचीच, म्हणजे ते काही फिल्मलाइनमध्ये नाहीत.

गिरगाव_मॅटिनी
मान्य. पण २०१३ चं कान आडनावावर नाही मिळत. 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ला पाम द'ऑर (कानचं सगळ्यात मोठं अवॉर्ड) मिळालं तेव्हा स्पीलबर्गच्या ज्युरीने ते डायरेक्टर केशिशसोबत दोन्ही नट्यांनाही दिलं, तिला आणि अदेल एक्झारकोपुलोसला, असं आधी कधीच झालं नव्हतं. आणि त्यानंतर तिने शूटिंगमध्ये किती छळ झाला ते उघड सांगितलं, परत या माणसाबरोबर काम नाही म्हणाली. कानचं अवॉर्ड ताजं असताना हे बोलायला डेरिंग लागतं राव.

चाळीतला_समीक्षक
डेरिंग आहेच. पण त्यालाही पाठीशी घर लागतं, हेच तर म्हणतोय मी 🙂

ठाणे_स्लो
तुमचं चालू दे. 'स्पेक्टर' थेटरात बघितलेला का कोणी? २०१५ ला आपल्या सेन्सॉरने किस अर्धे कापले होते, तिचाही आणि मोनिका बेलुचीचाही, नेटवर संस्कारी बॉन्ड म्हणून नुसता धुमाकूळ. आम्ही तिकिटाचे पैसे पूर्ण दिले पण 😤

पार्ल्याची_मिनू
हाहाहा. बरं ते राहू दे, सुरुवात कुठून करू? आईपण बसते हो सोबत.

गिरगाव_मॅटिनी
मग 'ब्लू' अजिबात नको!! तीन तासांचा आहे आणि घरात तीन मिनिटांत शांतता पसरेल. 'वन फाइन मॉर्निंग' बघ, २०२२ चा, मिया हान्सन-लव्हचा. पॅरिसमधली दुभाषी, एकटीने मुलगी वाढवतेय आणि वडिलांची बुद्धी आणि नजर दोन्ही हळूहळू चाललीय, त्यांना ठेवायला धड जागा मिळत नाही. त्यांची पुस्तकं वाटून टाकायची वेळ येते तिथे मी फुटलो. काही ग्लॅमर नाही, आखूड केस, पाठीवर सॅक. नेपो-बिपो सगळं विसरायला होतं.

ठाणे_स्लो
त्यातही दोनचार ठिकाणी रिमोट हातात ठेव गं.

पार्ल्याची_मिनू
वन बीएचके आहे, हेडफोन लावून एकटीच बघते 😅