सर्वोच्च बिंदूवर चेंडूचे त्वरण शून्य का नसते?

प्रश्न
मी नागपूरला अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत सेमी इंग्रजी असल्याने संज्ञांची अडचण येत नाही आणि सूत्रात किमती घालून उत्तर काढणेही जमते. परंतु सरळ वर फेकलेल्या चेंडूचे सर्वोच्च बिंदूवरील त्वरण किती, असे शिकवणीत विचारले गेले, तेव्हा मी ‘शून्य’ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर वहीत उतरवून घेतले आहे. तरीही जी वस्तू क्षणभर थांबली आहे, तिला त्वरण कसे असेल, हे मनाला पटत नाही. कृपया समजावून सांगावे.

उत्तर १
मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आहे आणि ही शंका दरवर्षी ऐकली आहे. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला आणि हवेचा रोध सोडून दिला, तर एका सेकंदानंतर त्याचा वेग ९.८, दोन सेकंदांनंतर शून्य आणि तीन सेकंदांनंतर उणे ९.८ असतो. दर सेकंदाची ९.८ ची घट सारखीच आहे आणि वेग बदलण्याचा हा दर म्हणजेच त्वरण. शून्य ही त्या रांगेतली एक संख्या आहे, इतकेच. त्या क्षणी त्वरणही शून्य असते, तर वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू १९.६ मीटर उंचीवर, म्हणजे सुमारे सहा मजल्यांवर, तसाच लटकून राहिला असता. हाताचे बल चेंडूत साठते आणि वर जाताना संपत जाते, ही समजूत गोंधळाच्या मुळाशी असते. हात सुटताच ते बल संपते आणि पुढे केवळ गुरुत्वबल उरते. म्हणून सूत्राआधी आकृती काढा आणि बलाचा बाण दाखवा.

उत्तर २
वरील उत्तराला एका प्रयोगाची जोड देते. दाराच्या चौकटीला सुमारे एक मीटर दोऱ्याने कुलूप टांगा आणि पंखा, कूलर बंद करून त्याला लहानसा झोका द्या. झोक्याच्या टोकाशी वेग शून्य असतो, तरी ते परत फिरते; मार्गाच्या दिशेचे त्वरण तिथेच सर्वाधिक असते. २० आंदोलनांचा वेळ मोजून गुरुत्व त्वरणही काढता येईल.

प्रश्नकर्ती
आज प्रयोग केला. २० आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले. दोरा गाठीपर्यंत ९९ सेंटिमीटर धरल्यावर गुरुत्व त्वरण ९.६७ आले, कुलपाच्या मध्यापर्यंत १००.५ धरल्यावर ९.८२ आले. टोकाशी थांबून परत फिरणारे कुलूप पाहताना चेंडूचेही कोडे सुटले. आपणा दोघांची मी आभारी आहे.