अभ्यासिकेच्या दाराला पोलादी अडसर लावावा का?

पेठकर (धागाकर्ता)
नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. नव्वद खुर्च्या, एक दार, एक जिना. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली रात्री अकरापर्यंत बसतात. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बातम्या वाचून पालकांचे फोन यायला लागलेत. परवा एक विक्रेता दारासाठी पोलादी पट्टी दाखवून गेला. दाराच्या तळाशी ठेवायची, तिच्या दोन खुंट्या फरशीत पाडलेल्या भोकांत बसतात. बाहेरून चौघांनी लाथा मारल्या तरी दार आत येत नाही. अमेरिकेत २०१२ च्या सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर असल्या वस्तूंचा खप वाढला.

आपल्याला यात नवीन काय? माझ्या आजोळच्या वाड्यात दरवाज्यामागे सागवानी अडसर होता, भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढायचा. त्याचा घर्रर्र आवाज ऐकल्याशिवाय आजी अंथरुणाला पाठ टेकत नसे. लावावा असं माझं मत आहे. बोला.

रात्रपाळी
बिनधास्त लावा. मी नर्स आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे सिस्टरांनी वॉर्डची दारं लावून घेतली आणि वीस गरोदर बायकांना पँट्रीत हलवलं. त्या सगळ्या वाचल्या. मदत पोचेपर्यंतचा वेळ दारच मिळवून देतं. आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आले की आम्ही औषधांची ट्रॉली दाराला लावतो. ट्रॉलीला चाकं असतात, एवढंच सांगते.

बंबवाला
अग्निशमन दलात तीस वर्षं काढली, म्हणून स्पष्ट लिहितो. लावू नका.

धुरात डोळे उघडत नाहीत. माणूस दार हाताने चाचपतो, ते कडीच्या उंचीवर. फरशीला टेकलेली खुंटी उपसायचं त्या क्षणी कुणाला सुचत नाही, आणि मागून ऐंशी जणांचा रेटा असला की ती उपसून निघतही नाही. आम्ही बाहेरून पोचलो तर कुलपाच्या बाजूला पहार घालतो. तुमचं दार अडलेलं असणार खाली. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वच्छ म्हटलंय की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. तुमच्या पट्टीला किल्ली नाही हे कबूल, पण हेतू समजून घ्या. २०१९ च्या मे महिन्यात उरुळी देवाचीला कापडाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दार बंद होतं.

रात्रपाळी
काका, ते कुलूप बाहेरून होतं. इथे अडसर आतल्या माणसाच्या हातात आहे. दोन्ही एका मापाने कसं मोजता?

बंबवाला
आतल्या नव्वदांपैकी कोणाच्या हातात, ताई?

कोथरूड_ते_शिकागो
इथे अमेरिकेत या विषयावर बरीच वर्षं रणकंदन चालू आहे, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला तेव्हा नॉरिस हॉल या इमारतीतल्या एका वर्गात विद्यार्थ्यांनी दाराला टेबल लावून ते आतून रेटून धरलं. हल्लेखोर आत शिरू शकला नाही, त्या खोलीत कोणाला इजा झाली नाही. विक्रेते एवढंच सांगतात. त्याच इमारतीची मुख्य दारं हल्लेखोराने आधीच आतून साखळ्या घालून बंद केली होती, हे ते सांगत नाहीत. अडसर कोणाच्या बाजूचा ते तो लावणाऱ्यावर ठरतं. म्हणूनच इथले अग्निसुरक्षेचे लोक आतून एका हालचालीत उघडणारं, बाहेरून किल्लीने उघडता येणारं साधं कुलूप बसवा म्हणून कानीकपाळी ओरडतात.

खवचट
पेठेत राहून शनिवारवाडा विसरलात? दिल्ली दरवाज्याला हत्तीने धडक देऊ नये म्हणून हे एवढाले खिळे. नारायणराव पेशव्यांना १७७३ मध्ये मारलं ते पदरच्या गारद्यांनीच. आणि वाडा शेवटी गेला १८२८ च्या आगीत, सात दिवस जळत होता. दरवाजा मात्र आजही ठणठणीत आहे. जाऊन बघा, लांब नाही तुम्हाला.

पेठकर
खवचटराव, टाळी. पण गारदी अभ्यासिकेत येत नाहीत.

मुक्ता_लोकसेवा
येतात. मागे मी ज्या अभ्यासिकेत बसायचे तिथे एक मुलगा मैत्रिणीच्या रोज मागे लागायचा. तोही फी भरून शेजारच्याच रांगेत बसायचा. दुपारी हॉलमध्ये तिघंच असताना त्याच्या हाताशी अशी पट्टी असती तर? विचारानेच पोटात गोळा येतो.

अजून एक. जून २०२३ मध्ये पेरुगेटजवळ मुलीवर कोयत्याने हल्ला झाला तो भर रस्त्यात. तिला वाचवलं ते धावून आलेल्या, आमच्यासारख्याच परीक्षा देणाऱ्या मुलांनी. त्या सकाळी सगळ्यांनी अडसर लावून घेतले असते तर ती कोणाच्या दारात गेली असती?

रात्रपाळी
धावून जाणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण मुलांनी कोयत्यासमोर जावं अशी व्यवस्था आखता येत नाही, दाराची आखता येते. पट्टी भिंतीवर काचेच्या पेटीत ठेवा, पेटी उघडली की घंटा वाजेल असं करा.

पेठकर
काल विक्रेत्याने नमुना बसवून दिला. रात्री मुलं गेल्यावर दिवे घालवले, भाच्याला सांगितलं, लाव. अंधारात पट्टी सापडली, पण एक खुंटी बसेना. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर भोकात पेन्सिलचं टवकं आणि सकाळच्या लादीपुसणीचा चिखल. एका दिवसात! मावशी म्हणाल्या, रोज काडीने भोकं कोरायचे वेगळे पैसे पडतील.

बंबवाला
दार आत उघडतं की बाहेर?

पेठकर
आत.

बंबवाला
नव्वद माणसं बसतात तर ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, पट्टी असो वा नसो. रेटा आला की आत उघडणारं दार कोणालाच ओढता येत नाही. बिजागऱ्या फिरवून घ्या.

पेठकर
मग ही पट्टी?

बंबवाला
ती आत येणारं दार अडवते. बाहेर ओढायच्या दाराला तिचा काही उपयोग नाही.

पेठकर
सुतार शनिवारी येतोय. फरशीतली भोकं कशाने बुजवू, पांढऱ्या सिमेंटने की एपॉक्सीने?

खवचट
पांढरं सिमेंट. एपॉक्सी पिवळं पडतं.