मदत हवी आहे: ऑनर्सचा थिसिस, पीएसएसचा अल्फा .41 आणि मुख्य हायपोथिसिसच लागत नाहीये

स्लोलोकल
नमस्कार मंडळी. मानसशास्त्र ऑनर्स, चौथं वर्ष. विषय: लोकलने कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवासाचा वेळ, झोपेची गुणवत्ता आणि जाणवणारा ताण. पुढच्या शुक्रवारी बाइंड केलेली प्रत द्यायची आहे. गूगल फॉर्मवर 131 प्रतिसाद आलेत, जामोवी (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) वापरतोय. अडचणी:

1. पीएसएस-10 (जाणवणारा ताण मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली) चा अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) .41 येतोय. मॅडम म्हणतात निदान .70 हवा.
2. मुख्य हायपोथिसिस असा की प्रवास जास्त तर ताण जास्त. पण r (दोन्हींतल्या संबंधाचा आकडा) = .09, p = .31 (.05 च्या खाली हवा). अजून पन्नासेक फॉर्म भरून घेऊ का?
3. पीएसक्यूआयमध्ये (झोपेच्या गुणवत्तेची प्रश्नावली) काहींची झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेत झोपेचा वाटा) 110 टक्के येतेय!
4. लिहून झालंय ते फक्त पूर्वसंशोधन, तेही 38 पानं.

आकडेमोड
पहिली अडचण सुटली तर दुसरीचा आकडाही बदलेल, म्हणून तिथूनच सुरू कर. पीएसएस-10 मधले प्रश्न 4, 5, 7 आणि 8 सकारात्मक आहेत, ते उलटे मोजावे लागतात. ते तसेच ठेवले तर बाकीच्या सहांशी त्यांचा संबंध ऋण येतो आणि अल्फा कोसळतो. तुझं बहुधा हेच झालंय. जामोवी अल्फाखाली तशी सूचनाही देतं, ती कुणी वाचत नाही.

आता खरी मेख. जामोवीच्या रिलायबिलिटीमध्ये रिव्हर्स आयटेमचा चौकोन आहे. त्यात चार प्रश्न टाकले की अल्फा सुधारतो, पण मूळ डेटा जसाच्या तसा राहतो. बेरीज जुन्याच रकान्यांवरून केलीस तर कोरिलेशन चुकीचंच येणार. चार नवे रकाने तयार कर आणि बेरजेत तेच घे.

फॉर्ममध्ये स्केल 0 ते 4 ठेवलं होतंस की 1 ते 5? 0 ते 4 असेल तर 4 मधून वजा कर. 1 ते 5 असेल तर आधी प्रत्येक उत्तरातून 1 वजा कर, मग उलटं कर. एकूण गुण 0 ते 40 मध्येच बसले पाहिजेत. कुणाचे 43 दिसले तर इथेच घोळ आहे.

निद्रादेवी
110 टक्के येतात कारण झोपेचे तास अंथरुणातल्या तासांपेक्षा जास्त भरतात. घड्याळाचाही घोळ असतो: लोक झोपायची वेळ 12:00 लिहितात, फॉर्म ती दुपार समजतो आणि अंथरुणातले तास चुकतात. काही जण दुपारची डुलकीही तासांत धरतात, प्रश्न मात्र रात्रीच्या झोपेचा असतो. एक्सेलमध्ये उठायच्या वेळेतून झोपायची वेळ वजा करून मॉड फंक्शनने 1 ने भाग, बाकीला 24 ने गुण. मध्यरात्र ओलांडली तरी उत्तर उणे येत नाही. झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास, गुणिले 100. 85 टक्क्यांच्या वर 0 गुण, 75 ते 84 ला 1, 65 ते 74 ला 2, त्याखाली 3. दुपारचे 12 सरळ दिसत असतील तिथे रात्रीचे कर आणि तसं लिही. बाकीची अशक्य उत्तरं अंदाजाने दुरुस्त करू नकोस, वगळ.

अडथळ्यांचे प्रश्न, 5 ब पासून पुढचे, यांची बेरीज थेट घटक म्हणून वापरू नकोस: 0 ला 0, 1 ते 9 ला 1, 10 ते 18 ला 2, 19 ते 27 ला 3. पीएसक्यूआयचे सात घटक मिळून 0 ते 21. 5 पेक्षा जास्त म्हणजे झोप चांगली नाही. अल्फा सात घटकांवर काढ, सुट्या प्रश्नांवर नको.

खोडरबर
पन्नास फॉर्मचं अजिबात करू नकोस. p बघून डेटा वाढवत गेलं की कधीतरी .05 च्या खाली जाणारच, आणि तो निकाल फसवा असतो. .30 च्या संबंधासाठी 80 टक्के पॉवर (खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) हवी तर सुमारे 85 जण पुरतात.

त्यापेक्षा आहेत ते 131 गाळून घे. दुबार प्रतिसाद काढ. संमतिपत्र फक्त सज्ञानांसाठी असेल तर 18 खालचे काढ. पीएसएसच्या दहाही प्रश्नांना एकच पर्याय ठोकणारेही काढ, कारण उलट्या प्रश्नांमुळे ते उत्तर सुसंगत राहत नाही. किती काढले आणि का, हे कार्यपद्धतीत लिही. प्रवासाचा वेळ सगळा मिनिटांत आण. 'दीड तास', '1.5' आणि '90' एकाच रकान्यात हमखास सापडतात. जाण्याचा की दोन्ही वेळचा, तेही एकदा ठरव.

स्लोलोकल
खूप आभार! स्केल 1 ते 5 च होतं. आता अल्फा .81. गाळून 118 उरले. प्रवासाचा वेळ एका बाजूला झुकलेला आहे म्हणून स्पिअरमन (क्रमांवरून काढलेला संबंध) घेतला: प्रवास–ताण .13, p = .16. वाईट झोप–ताण .46, p .000. मुख्य हायपोथिसिस गेलाच म्हणायचा. गाइड नाराज होतील का?

आकडेमोड
p .000 लिहू नकोस, < .001 लिही. आणि .13 वरून 'संबंध नाही' असंही लिहू नकोस. 118 जणांवर 95 टक्के विश्वासमर्यादा साधारण −.05 ते .30 येते. म्हणजे शून्यही शक्य आणि मध्यम संबंधही शक्य. 'पुरेसा पुरावा मिळाला नाही' एवढंच म्हणता येतं. परीक्षक निकालापेक्षा हे वाक्य कसं लिहिलंय ते बघतात.

चर्चेला तर तुझ्याकडे भरपूर आहे. मिनिटं म्हणजे त्रास नव्हे: विरारहून सुटणाऱ्या गाडीत बसून आलेला आणि डोंबिवलीला दारात लटकून दादर गाठणारा, दोघांची मिनिटं सारखी असली तरी ताण सारखा असेलच असं नाही. उभं की बसून, गाडी बदलावी लागते का, हे विचारलं नव्हतंस; मर्यादांमध्ये स्पष्ट लिही. सगळे एकाच कॉलेजचे असतील तर वेळांचा पल्लाही अरुंद असू शकतो, आणि त्याने संबंध दबतो. मीडिएशन (प्रवासाने झोप बिघडते आणि त्यामुळे ताण वाढतो, अशी साखळी) वगैरे आता जोडू नकोस, एका वेळच्या सर्वेक्षणातून कार्यकारण निघत नाही.

खोडरबर
लिखाण कार्यपद्धतीपासून कर, ते सर्वांत सोपं. सिनॉप्सिसमधला (आधी मंजूर झालेल्या आराखड्यातला) भविष्यकाळ भूतकाळात आण. 'नमुना घेतला जाईल' हे अंतिम प्रतीत फार खटकतं. मग निष्कर्ष, मग चर्चा, सारांश शेवटी, 250 शब्दांच्या आत. पूर्वसंशोधन 38 वरून 15 पानांवर आण. ज्या अभ्यासाचा चर्चेत पुन्हा उल्लेख येत नाही, तो बहुतेक वेळा काढता येतो. झोटेरोने (संदर्भांच्या सॉफ्टवेअरने) यादी केलीस तरी प्रत्येक डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून बघ. एआयने सुचवलेले संदर्भ खरे दिसतात आणि कधीकधी अस्तित्वातच नसतात. समानता तपासणीत यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, संदर्भयादी त्यात धरत नाहीत. कॉलेजची मर्यादा याहून कडक असू शकते, विचारून घे.

पीएसक्यूआयचे हक्क पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय अख्खी प्रश्नावली परिशिष्टात छापू नकोस.

निद्रादेवी
बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास सोड. पीडीएफ घेऊनच दुकानात जा. वर्ड फाइल त्यांच्या मशीनवर उघडली की तक्ते सरकतात आणि देवनागरीही मोडू शकते. प्रमाणपत्रावर गाइड आणि विभागप्रमुखांची सही बाइंडिंगच्या आधी हवी. विभागप्रमुख कोणत्या दिवशी भेटतात ते आजच विचार. बुधवारी छपाई, गुरुवारी प्रत हातात, असं धर. रविवारी कुणाकडे जाणार असशील तर मेगाब्लॉक बघून निघ.

स्लोलोकल
विभागप्रमुख सोमवार–मंगळवारच असतात, आत्ताच कळलं! म्हणजे मसुदा रविवारी रात्रीच गाइडना पाठवायला हवा. चर्चा अर्धवट असताना पाठवली तर चालेल?

खोडरबर
चालेल. पण निष्कर्षाचे तक्ते पूर्ण करून पाठव, कारण आकड्यांत काही चुकलं असेल तर चर्चा पुन्हा लिहावी लागते. सहीसाठी प्रमाणपत्राचं पान वेगळं छापून ने, शीर्षक सिनॉप्सिसमध्ये मंजूर झालेलंच हवं, शब्दशः.